बाटलीवरचं साल: ससेक्सची व्हिंटेज स्पार्कलिंग वाईन

मुक्ता_ससेक्स

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्ये जी स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळ, वाईन होते तिच्याबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळालं नाही म्हणून हा धागा काढतेय. त्यातही मला बोलायचंय ते साल छापलेल्या बाटल्यांबद्दल, म्हणजे व्हिंटेजबद्दल, कारण माझं ठाम मत आहे की थंड प्रदेशातल्या वाईनमध्ये खरी गोष्ट त्या सालातच असते आणि आता ते साल हळूहळू लेबलवरून नाहीसं व्हायला लागलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रान्समधलं शॅम्पेन ४९ अक्षांशाच्या आसपास, आमचं ससेक्स ५१च्या जवळ. द्राक्ष पिकण्याची ही जवळजवळ शेवटची हद्द. शॅम्पेनवाल्यांनी या लहरी हवेवर फार पूर्वी उपाय शोधला, तो म्हणजे चांगल्या वर्षांची वाईन राखून ठेवायची आणि दरवर्षीच्या नव्या वाईनमध्ये मिसळायची, म्हणजे पाऊस पडो गारठा पडो, चव तीच. म्हणून बहुतेक शॅम्पेनवर साल नसतंच. वर्ष खरंच चांगलं गेलं तरच वेगळी व्हिंटेज काढतात आणि मग तिच्यात १०० टक्के त्याच वर्षाची द्राक्षं लागतात, शिवाय बाटलीत भरल्यापासून किमान ३ वर्षं तळघरात ठेवावी लागते. बिनसालाच्या बाटलीला १५ महिने पुरतात.

ससेक्समध्ये उलटं झालं. शिकागोहून आलेल्या स्टुअर्ट आणि सँडी मॉस या जोडप्याने १९८८मध्ये वेस्ट चिल्टिंग्टन गावाजवळ नायटिंबर नावाच्या इस्टेटीच्या जमिनीत शार्दने, पिनो न्वार आणि पिनो म्यूनिए लावली. शॅम्पेनच्याच तीन जाती. तेव्हा इंग्लंडमध्ये बहुतेक लोक लवकर पिकणाऱ्या जर्मन जाती लावायचे, त्यामुळे हे धाडसच होतं. त्यांची पहिली वाईन १९९२ची, नुसत्या शार्दनेची. आता बघा, नवीन मळा, राखीव वाईन कुठून आणणार? मिसळायला मागचं काही नाहीच. म्हणजे साल छापणं ही प्रतिष्ठा नव्हती, तो एकच मार्ग होता. १९९५मध्ये डिचलिंगजवळ सुरू झालेल्या रिजव्ह्यू या वाईनरीचंही तसंच. त्यामुळे १९९२पासून पुढची पंचवीसेक वर्षं ससेक्सच्या हवेची बाटलीबंद नोंद झाली आणि ती कुणी ठरवून केली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. रिजव्ह्यूची २००६ची ब्लां द ब्लां (म्हणजे नुसत्या पांढऱ्या द्राक्षांची) २०१०मध्ये डिकँटर या वाईन मासिकाच्या स्पर्धेत स्पार्कलिंगमध्ये जगात पहिली आली, शॅम्पेनच्या पुढे, तीही साल छापलेलीच.

आणि २०१२. इंग्लंडमधलं फार ओलं वर्ष. जूनअखेर फुलोरा आला आणि पाऊस थांबेना. नायटिंबरच्या वाईनमेकर शेरी स्प्रिग्ज यांनी सांगितलं की यंदा द्राक्षं आपल्या दर्जाची नाहीत, आणि कंपनीने त्या वर्षी वाईन केलीच नाही. अख्खा हंगाम सोडून दिला. २०१८मध्ये याच शेरी स्प्रिग्जना इंटरनॅशनल वाईन चॅलेंजने वर्षातल्या सर्वोत्तम स्पार्कलिंग वाईनमेकरचा मान दिला, शॅम्पेनबाहेरच्या कुणाला तो मिळायची पहिली वेळ आणि स्त्रीला मिळायचीही पहिलीच वेळ. मला त्या बक्षिसापेक्षा २०१२चा निर्णय मोठा वाटतो.

ज्यांनी चाखलीय त्यांनी लिहा, ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी विचारा, माझं ज्ञान मळ्यात फिरून आणि पिऊन आलेलं आहे.

पेठकर

वाचतोय. छान लिहिलंय ताई. एक प्रश्न, थंडी म्हणजे द्राक्षाला वाईट ना? मग थंड प्रदेशात चांगली वाईन कशी होते?

निफाडचा_मळेवाला

मुक्ताताई, धागा आवडला. पेठकर साहेबांच्या प्रश्नाचं माझ्या परीने उत्तर देतो. आमचा निफाड तालुक्यात द्राक्षमळा आहे, खाण्याची द्राक्षं जास्त आणि काही एकर वाईनरीला करारावर देतो.

आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार व्हायला, आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, ती घडाला. थंडीत माल वाढतो आणि फेब्रुवारी-मार्चात ऊन चढलं की साखर झपाझप भरते पण आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. स्पार्कलिंगला तो आंबटपणाच लागतो. म्हणून वाईनरीवाले स्पार्कलिंगचा माल लवकर तोडायला लावतात, साखर कमी असतानाच. पण घाईने तोडलेला मणी आणि सावकाश पिकलेला मणी यात फरक राहतोच, कारण आपल्याकडे आंबटपणा टिकवायचा तर चव पुरती यायच्या आत तोडावं लागतं. मुक्ताताईंच्या तिकडे एप्रिलात डोळा फुटतो आणि ऑक्टोबरपर्यंत माल वेलीवर असतो, दिवस मोठे पण ऊन कोवळं, त्यामुळे चव पुरी होते आणि आंबटपणा जागेवर राहतो. हे आपल्याला कितीही पैसे घातले तरी करता येत नाही.

२०१२चं वाचून मात्र पोटात गोळा आला. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे काय ते आम्हाला विचारा. मणी धरत नाही, गळ होते, घड कुजतो, डाऊनी म्हणजे केवडा रोग येतो. अवकाळी आणि गारपिटीत डोळ्यादेखत मळा गेलेले लोक आमच्या गावात आहेत. तिथे कंपनी मोठी, भांडवल आहे, म्हणून हंगाम सोडता येतो. इथे कर्ज काढलेल्या माणसाला तसं करता येणार नाही, मिळेल त्या भावाने माल द्यावा लागतो, बेदाण्याला द्यावा लागतो. निर्णय मोठा आहे हे मान्य, पण तो परवडणं हीसुद्धा एक गोष्ट आहे.

एक विचारायचं होतं, तिकडे दहिवर म्हणजे बर्फाळ गारठा पडतो तेव्हा काय करतात? आमच्याकडे पारा ४-५ अंशांवर आला की रात्रभर मळ्यात शेकोट्या पेटवतो, नाहीतर मणी तडकतात.

मुक्ता_ससेक्स

दादा, इतकं नीट मला सांगता आलं नसतं. परवडण्याचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी लिहायला हवा होता असं नाही, तो तुम्हीच लिहायला हवा होता. इथेही छोट्या मळेवाल्यांनी २०१२मध्ये जे आलं त्याची वाईन केली, त्यांना दुसरा इलाज नव्हता.

शेकोट्यांचं वाचून थबकले. इथेही अगदी तेच करतात! एप्रिलअखेर कोवळा कोंब बाहेर आलेला असतो आणि एखादी रात्र शून्याखाली जाते. मग वेलींच्या ओळींमध्ये मेणाच्या मोठाल्या बादल्या ठेवून पेटवतात, रात्री दोन-तीनला माणसं मळ्यात असतात. कुठे पंखे लावून वरची उबदार हवा खाली ढकलतात. २०१७च्या एप्रिलअखेर असा गारठा पडला की इंग्लंडभर पहिला कोंब जळाला आणि खूप मळ्यांचं उत्पन्न निम्म्याच्याही खाली गेलं. तुमच्याकडे तयार मण्याला धोका आणि इथे कोंबाला, एवढाच फरक.

विवेक_जर्सी

चांगला धागा. पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं शॅम्पेन पितोय, व्हिंटेजही आणि बिनसालाचीही. माझा अनुभव असा की साल छापलं की किंमत दीडपट-दुप्पट होते आणि चव तेवढी वाढतेच असं नाही. उलट बिनसालाच्या बाटलीत कारागिरी जास्त असते. दहा-दहा वर्षांच्या राखीव वाईन, वेगवेगळ्या गावांतल्या, चाखून चाखून शंभर-दीडशे नमुन्यांतून एक मिश्रण करायचं, हे काम एका वर्षाची वाईन बाटलीत भरण्यापेक्षा फार अवघड आहे. तुम्ही म्हणता ससेक्समध्ये साल छापलं ते राखीव वाईन नव्हती म्हणून, मग आता राखीव वाईन साठली आणि त्यांनी मिश्रण सुरू केलं तर ती प्रगतीच म्हणायला हवी. नायटिंबरनेच आपली क्लासिक क्यूव्हे ही मुख्य वाईन सालाशिवाय काढायला सुरुवात केली ती उगाच नाही. पिणाऱ्याला दरवर्षी भरवशाची बाटली मिळते आणि मळेवाल्याला वाईट वर्षाचा फटका कमी बसतो. निफाडच्या दादांनी जे परवडण्याचं लिहिलं त्याला खरं उत्तर हेच आहे.

आणि जिथे व्हिंटेजची शिस्त आहे तिथे ती खरोखर कडक आहे. दोम पेरिन्यों हे शॅम्पेनवाले फक्त व्हिंटेजच काढतात, पण २००१ आणि २००७ची बाटली तुम्हाला कुठेही मिळणार नाही कारण केलीच नाही. दरवर्षी साल छापायचं हे मला पटत नाही. २००८सारखं वर्ष असेल तर जरूर छापा, मीही रांगेत उभा राहीन.

रसायनशाळा

मी नाशिकजवळ एका वाईनरीत काम करते, नाव लिहीत नाही. विवेक यांचा मुद्दा मला पटतो पण त्यात एक गोष्ट राहिलीय ती म्हणजे वेळ. व्हिंटेजची किंमत नुसत्या सालाची नाही, साठवणीची आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी साधी आंबट पांढरी वाईन करतात, तिच्यात लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटलीत भरतात आणि बिअरसारखं पत्र्याचं बूच मारतात. बाटलीच्या आत पुन्हा किण्वन होतं, गॅस बाहेर जाऊ शकत नाही म्हणून वाईनमध्येच विरघळतो, दाब ६ वातावरणांपर्यंत जातो, म्हणून तर काच इतकी जाड लागते. साखर संपली की यीस्ट मरतं आणि तळाशी बसतं. आणि मजा इथून पुढे सुरू होते. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू फुटत जातात आणि त्यातले पदार्थ वाईनमध्ये उतरतात, त्यातून भाजलेल्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो, फेस बारीक आणि मऊ होतो. हे घाईत होत नाही. दीड वर्षात सुरुवात होते, चार-पाच वर्षांत खरा परिणाम दिसतो. आणि तेवढी वर्षं टिकायला मुळात वाईनमध्ये भरपूर आंबटपणा हवा, नाहीतर ती तळघरातच मरगळते. थंड प्रदेशाचा फायदा तो हा. आमच्याकडे मी प्रामाणिकपणे सांगते, बहुतेक माल ताजा असतानाच चांगला लागतो, फार वर्षं ठेवण्यात अर्थ नसतो.

मग बाटल्या उलट्या करत करत गाळ मानेत आणतात. पूर्वी हाताने रोज थोडं थोडं फिरवत आठवडे जायचे, आता यंत्राने आठवड्याभरात होतं. मान गोठवायची, बूच काढलं की गोठलेला गाळ दाबाने बाहेर उडतो, जी तूट येते तिथे थोडी वाईन आणि थोडी साखर घालायची आणि कायमचं बूच. ब्रुट, म्हणजे कोरडी, असं लिहिलेलं असेल तर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ब्रुट म्हणजे ६पर्यंत. ससेक्सच्या वाईनला जरा साखर लागतेच कारण तिचा आंबटपणा धारदार असतो, अगदी कोरडी केली तर दात आंबतात.

जुन्नरी_आजोबा

या विषयावर नारायणगावचं नाव कुणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं म्हणून लिहितो. श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला शॅम्पेन पद्धतीची वाईन सुरू केली, तंत्रासाठी फ्रान्सच्या पायपर हायडसिक या शॅम्पेन कंपनीची मदत घेतली होती. ओमर खय्याम नावाने ती बाटली लंडनमध्ये विकली जायची. आज नाशिकचा एवढा बोलबाला आहे, सुला आहे, दिंडोरीला शाँदों ही फ्रेंच कंपनी २०१३मध्ये आली, पण बाटलीतलं दुसरं किण्वन या मातीत आधी नारायणगावने करून दाखवलं. पुढे ती कंपनी अडचणीत आली आणि संपली. तरुण मंडळींना हे माहीत असावं.

पेठकर

आजोबा, हे माहीतच नव्हतं. नारायणगाव म्हणजे आम्हाला फक्त टोमॅटो, तमाशा आणि दुर्बीण. धन्यवाद.

मुक्ता_ससेक्स

जुन्नरी आजोबा, नमस्कार. या धाग्यात हे यायलाच हवं होतं.

विवेक, तुमचं म्हणणं मी दोन-तीनदा वाचलं. मिश्रण ही मोठी कला आहे यात शंका नाही आणि मळेवाल्याला त्याने आधार मिळतो हेही खरं. पण शॅम्पेनला मिश्रण करून स्वतःचा चेहरा घडवायला दोन-अडीचशे वर्षं मिळाली. ससेक्सची अजून पस्तीसेक झालीत. कुठला उतार कुठल्या हवेत कसा वागतो हे अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही, आणि ते कळायचं साधन म्हणजे वर्षावर्षाची वेगळी बाटली. सगळं एकत्र ओतून टाकलं की शिकायचं कशावरून?

उदाहरण देते. नायटिंबरची २०१३ आणि २०१४ची ब्लां द ब्लां मी शेजारी शेजारी ठेवून प्यायलेय. मळा तोच, जात तीच, हात तोच. २०१३मध्ये वसंत इतका गारठलेला होता की सगळं लांबलं, तोडणी उशिरापर्यंत चालली. ती बाटली अजूनही ताठ आहे, कच्च्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा वास, घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना झिणझिण्या. २०१४ उबदार आणि निवांत वर्ष होतं, ती बाटली मोकळी आहे, पिकलेला पेअर, मध, मागे भाजलेल्या पावाचा वास. दोन्ही आवडल्या पण २०१३ मला जास्त आवडली आणि ती मिश्रणात गेली असती तर तिच्यातला हा ताठपणा कुणालाही कळला नसता. भरवशाची चव देण्यासाठी जे गुळगुळीत केलं जातं तेच मला हवंय.

तुम्ही म्हणता दरवर्षी साल नको, चांगल्या वर्षीच छापा. पण चांगलं म्हणजे काय हे कोण ठरवणार? उष्ण वर्ष म्हणजे चांगलं असं धरलं तर २०१८च्या उन्हाळ्यात इथे भरघोस पीक आलं, घड मोठाले, सगळे खुश, आणि त्यातल्या काही बाटल्या मला सुस्त वाटल्या. २०२१ गार आणि ओलं, पीक कमी, पण ज्यांनी निवडून तोडणी केली त्यांच्या वाईनमध्ये जी धार आहे ती २०१८मध्ये नाही.

अनघा_ठाणे

फार छान चर्चा. माझी एक भर. फेस येणाऱ्या वाईनचं श्रेय सगळे दोम पेरिन्यों या भिक्षूला देतात, ते ओव्हिलेच्या मठात आले १६६८मध्ये. पण त्याच्या आधी १६६२मध्ये ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जे टिपण वाचलं त्यात वाईनमध्ये साखर घालून ती फेसाळ करतात हे लिहिलेलं आहे. आणि ते इंग्लंडमध्ये शक्य झालं त्याचं कारण काच. जहाजांसाठी लाकूड राखायचं म्हणून १६१५मध्ये राजा पहिला जेम्स याने काचेच्या भट्ट्यांमध्ये लाकूड जाळायला बंदी केली, मग कोळसा आला, कोळशाची आंच जास्त, त्यामुळे काच जाड आणि मजबूत व्हायला लागली. ती दाब सहन करायची. वाईन मात्र तेव्हा फ्रान्सहून पिंपांत यायची, द्राक्षं इंग्लंडची नव्हती.

मुक्ता, इंग्लंडला बहिणीकडे आले होते तेव्हा आम्ही अशी एक बाटली तळलेल्या बोंबलांबरोबर घेतली होती. कुरकुरीत रवा, आत मऊ लुसलुशीत मासा आणि वर ही आंबट थंडगार वाईन. तेलकटपणा असा निघून जातो की पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखा लागतो. कोथिंबीर वडीबरोबरही जमेल. फक्त तिखट आवरा, मिरची जास्त झाली की फेस तोंडात टोचतो.

विवेक_जर्सी

मुक्ता, शिकण्याचा मुद्दा मी धरला नव्हता, तो पटला. नवीन प्रदेशाने निदान काही प्लॉटच्या वाईन सालासकट वेगळ्या काढत राहायला हव्यात. रोजच्या बाटलीबाबत मात्र मी माझ्या मतावर आहे.

एक काळजीचं. शॅम्पेनमध्ये २००३च्या उन्हाळ्यात तोडणी ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली होती, ते तेव्हा नवल होतं, आता ऑगस्टची तोडणी अधूनमधून होतेच. तेतँजे या शॅम्पेन कंपनीने २०१५मध्ये इंग्लंडच्या केंटमध्ये जमीन घेतली, २०१७मध्ये लागवड केली. खडूची जमीन तीच, समुद्राखालून इकडून तिकडे गेलेली. त्यांना थंडी हवीय म्हणून ते उत्तरेला येतायत. मग वीस-तीस वर्षांनी ससेक्स तरी थंड राहील का?

निफाडचा_मळेवाला

विवेकराव, हा प्रश्न आम्हालाही आहे. आमच्याकडे थंडी पूर्वीसारखी सलग पडत नाही, मध्येच ढगाळ होतं आणि भुरी हा बुरशीचा रोग येतो. छाटणीच्या तारखा प्रत्येकजण मागेपुढे करून बघतोय. वेल एकदा लावली की ती तिथेच पंधरा-वीस वर्षं राहणार, हवा तेवढा वेळ थांबत नाही. मुक्ताताई म्हणतात तशी वर्षावर्षाची नोंद बाटलीत असेल तर पुढच्या माणसाला निदान बघायला मिळेल की या मळ्यात आंबटपणा कधीपासून उतरायला लागला. आमच्या खाण्याच्या द्राक्षात असलं काही उरत नाही, माल गेला की गेला. पट्टीवर वजन आणि भाव राहतो.

मुक्ता_ससेक्स

दादा, बरोबर. विवेक, जमिनीबद्दल एक सांगते, सगळं ससेक्स खडूवर नाही. साउथ डाउन्सच्या टेकड्या खडूच्या आहेत पण वेस्ट चिल्टिंग्टनचा नायटिंबरचा जुना मळा हिरवट वालुकाश्मावर आहे, त्यांचे खडूवरचे मळे हॅम्पशायरमध्ये आणि इतरत्र आहेत. शॅम्पेनसारखीच माती आहे असं जाहिरातीत सरसकट म्हणतात ते मला आवडत नाही. या जमिनीला तिचं स्वतःचं काही म्हणायचं असेल तर म्हणू द्या.

पेठकर

शेवटचा प्रश्न. भाऊ लंडनहून येतोय, त्याला एक बाटली आणायला सांगतोय. काय बघून घ्यावी आणि आणल्यावर पुण्याच्या उन्हाळ्यात कशी ठेवावी?

रसायनशाळा

लेबलवर साल बघाच पण गाळ कधी काढला तेही बघा. काही जण मागच्या लेबलवर तारीख देतात, नायटिंबरच्या बाटलीवर एक कोड असतो, तो त्यांच्या साईटवर टाकला की कळतं. गाळ काढून वर्षभर झालेली असेल तर उत्तम, वाईन सावरलेली असते. पारदर्शक काचेची बाटली दुकानात उजेडात ठेवलेली असेल तर घेऊ नका, उजेडाने वाईनला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवू नका, सरळ फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आणि महिन्या-दोन महिन्यांत उघडा. प्यायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा, ८ ते १० अंशांवर वास खुलतो, त्याहून गार असेल तर पाच वर्षांच्या साठवणीतलं काही कळणार नाही. अरुंद उंच ग्लास नको, साधा पांढऱ्या वाईनचा ग्लास घ्या. आणि बूच काढताना बूच घट्ट धरून बाटली फिरवा, उडवू नका.